बर्फातल्या गावाचं दुकान कोणाचं?

परवा रविवारी रात्री जेवणं आटोपून भांडी घासत होते तेवढ्यात ताईचा व्हिडिओ कॉल आला, तिकडे तिची सकाळ, आणि ती काही बोलायच्या आधीच तिने फोन फिरवला आणि म्हणाली हे बघ, बोट आली.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. डोंबिवलीची मुलगी, आधी विनिपेगला गेली आणि आता दोन वर्षांच्या करारावर कॅनडाच्या पार वर, नुनावुतमधल्या एका गावात को-ऑप म्हणजे सहकारी दुकानाचे हिशेब बघते. फोनमध्ये राखाडी समुद्र, लांब उभं असलेलं जहाज, आणि जहाजातून माल उतरवून घेतलेला सपाट तराफा एका छोट्या टग बोटीने ढकलत किनाऱ्याला आणलेला. धक्का नाहीच. भरती असेल तेवढ्या वेळात तराफा वाळूला टेकवायचा, लोडरने कंटेनर आणि लाकडी खोकी उतरवायची, की पुन्हा मागे. अर्धं गाव किनाऱ्यावर जमलेलं, पोरं दगडांवर बसून बघतायत, एक आजी खोक्यांवरची नावं वाचत फिरतेय. पीठ, दूध पावडर, डायपर, टॉयलेट पेपर, कोणाची तरी नवी स्नोमोबाईल. जुलै ते ऑक्टोबर एवढ्याच काळात समुद्र बर्फातून मोकळा असतो तेव्हा ही जहाजं येतात, एकेका गावाला मोसमात मोजक्याच फेऱ्या, आणि ऑर्डर मात्र वसंतातच देऊन ठेवायची. जे यादीत राहून गेलं ते विमानाने आणायचं, आणि विमानाने आलेल्या दुधाचा भाव बघून ताई पहिल्या आठवड्यात रडली होती.

मी म्हटलं अगं ही तर आगोट.

आमच्या आईकडे, वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या गावात, मे महिन्यात हाच एक विषय असायचा. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, काय भरायचं. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, मिरच्या, जळाऊ लाकडं, चिमणीच्या दिव्यांसाठी रॉकेल. एकदा व्हाळ, म्हणजे ओढा, भरला की बाजारात जाणं नाही. फरक एवढाच की आमची आगोट चार महिन्यांची, ताईच्या गावाची वर्षाची.

नुनावुत म्हणजे नेमकं काय ते मलाही ताई जाईपर्यंत माहीत नव्हतं. १ एप्रिल १९९९ ला कॅनडाने हा स्वतंत्र प्रदेश केला, बहुतेक लोक इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठी जागा आणि माणसं २०२१ च्या जनगणनेत सदतीस हजारांच्या आत. दादर स्टेशनवर एका सकाळी याहून जास्त लोक उतरतात. पंचवीस गावं, आणि एका गावातून दुसऱ्या गावाला रस्ता नाही, बाहेरच्या जगाला जोडणाराही नाही. विमान, बोट, नाहीतर बर्फावरून. वीज प्रत्येक गावाची वेगळी, डिझेलवर चालणारी.

अशा ठिकाणी पैसा कसा फिरतो हे ताईने मला एकदा समजावलं आणि तेव्हापासून मी याच विषयाच्या मागे लागलेय. ती म्हणाली, गावात पैसा येत नाही असं नाहीये ग, भरपूर येतो. सरकारी पगार, पेन्शन, मुलांचे भत्ते, अनुदानं. पण तो महिन्याच्या एक तारखेला येतो आणि पाच तारखेपर्यंत दक्षिणेकडे परत जातो, कारण किराणा दक्षिणेतून, डिझेल दक्षिणेतून, घर बांधणारा सुतार दक्षिणेतून, मास्तर आणि नर्सही दक्षिणेतून. गावात एका हातातून दुसऱ्या हातात जायला त्याला वेळच मिळत नाही.

हे ऐकून मला थेट बाबा आठवले. बाबा लालबागला गिरणीत होते, खानावळीत जेवायचे, गाळ्यात वीस जणांबरोबर झोपायचे आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर. सगळा कोकण मनीऑर्डरवर जगतो असं म्हणायचे ना, ते आमच्या घरापुरतं तरी अगदी खरं होतं. पोस्टमन पडवीत बसून पैसे मोजायचा, आई सही करायची, आणि त्याच संध्याकाळी ते पैसे वाण्याच्या दुकानात, कारण मागच्या महिन्याची उधारी तिथे वहीत लिहिलेली. वाणी तो माल मुंबईतून किंवा कोल्हापुरातून आणायचा. म्हणजे बाबांचा घाम परळहून वेंगुर्ल्याला यायचा, आमच्या घरात एक रात्र थांबायचा आणि परत घाट चढायचा. गावात त्यातून काय उभं राहिलं? वाण्याची माडी. वाणी वाईट माणूस नव्हता, अडीनडीला त्यानेच धान्य दिलं, पण वही त्याची होती.

तिकडेही वहीच होती. हडसन्स बे ही इंग्रज व्यापारी कंपनी, १६७० ची सनद, तिची ठाणी हळूहळू उत्तरेत पसरली. शिकाऱ्याला बंदूक, काडतुसं, चहा, पीठ उधारीवर द्यायचं आणि हिवाळ्यात त्याने पांढऱ्या कोल्ह्याची कातडी आणून ते फेडायचं. कातड्याचा भाव ठरणार लंडन-न्यूयॉर्कच्या फॅशनवर. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाव कोसळला आणि ज्या लोकांनी कातड्यांसाठी आपला शिकारीचा जुना क्रम बदलला होता त्यांच्याकडे ना कातड्याचे पैसे ना जुना क्रम. पुढे सीलच्या कातड्याचंही तसंच झालं. १९८३ मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांच्या पांढऱ्या कातड्यांवर बंदी घातली. इनुइट लोक ती पिल्लं मारतच नव्हते, ते मोठे सील मारायचे, मांस खायचे आणि कातडं विकायचे. पण बाजार असा बारकावा बघत नाही, सगळ्याच सील कातड्यांचा भाव पडला. २००९ मध्ये युरोपने आणखी मोठी बंदी आणली, त्यात इनुइटांना सूट ठेवली, पण गिऱ्हाईक एकदा पळालं की सूट घेऊन काय करणार.

१९८३ हा आकडा बघितला की मला कसंतरीच होतं. १८ जानेवारी १९८२ ला आपल्याकडे गिरणी संप सुरू झाला. त्या वर्षीच्या आगोटीला आमच्या घरी मनीऑर्डर आली नाही, आणि पुढे बाबा स्वतःच आले, एक ट्रंक आणि वळकटी घेऊन. दूर कुठेतरी कोणीतरी काहीतरी ठरवतं आणि समुद्राकाठच्या एका घरातली चूल मंदावते, मग तो समुद्र गोठलेला असो की नसो.

आता मला जे खरं सांगायचंय ते. याच लोकांनी या सगळ्याच्या मधोमध स्वतःचं काहीतरी उभं केलंय आणि ते अजून उभं आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे कोणी फारसं बोलत नाही. सहकार आपल्या मातीतला, प्रवरानगरचा साखर कारखाना आपण शाळेत शिकलो, मग हे आपल्याला कळायला पाहिजे.

वर्ष १९५९. आपल्या गिरगावात सात बायका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या, उसने घेतलेले ८० रुपये भांडवल, तेच पुढे लिज्जत. आणि त्याच वर्षी बॅफिन बेटाच्या टोकाला किन्नगाइत नावाच्या वस्तीत, तेव्हा तिला केप डॉर्सेट म्हणायचे, वेस्ट बॅफिन एस्किमो को-ऑपरेटिव्ह नोंदली गेली. त्याच १९५९ मध्ये क्वेबेकच्या उत्तर टोकाला जॉर्ज रिव्हर गावच्या लोकांनी ‘आर्क्टिक चार’ नावाच्या माशासाठी सोसायटी काढली. एकमेकांचं नावही माहीत नसलेली माणसं एकाच वर्षी एकाच निष्कर्षाला आली, की विकणारे आपण असू तर वहीसुद्धा आपली पाहिजे.

किन्नगाइतमध्ये विकायला काय होतं? चित्रं. जेम्स ह्यूस्टन नावाचा एक कॅनेडियन चित्रकार तिथे सरकारी कामावर होता, तो १९५८ मध्ये जपानला जाऊन लाकडी ठशांची छपाई शिकून आला. पण किन्नगाइतमध्ये झाडं कुठली, लाकूड नाही. दगड मात्र हवा तेवढा, आणि दगड कोरणारे हात पिढ्यान्‌पिढ्यांचे. मग दगडच घेतला.

ते काम कसं चालतं हे ताईने मला एका व्हिडिओत दाखवलं आणि मी तो चार वेळा बघितला. चित्र काढणारी एक, कोरणारा दुसरा. बाई घरी बसून कागदावर पेन्सिलीने काढते आणि चित्र को-ऑपला आणून देते, को-ऑप तिथल्या तिथे ते विकत घेते. चित्र छापलं जाईल न जाईल, तिला पैसे मिळाले. मग निवडलेलं चित्र सपाट घासलेल्या दगडावर उतरवतात आणि जी रेष ठेवायची ती सोडून बाकीचा दगड छिन्नीने खाली नेतात. एक घुबडाचं पीस कोरायला किती वेळ, तुम्ही विचारूच नका. रोलरने शाई लावतात, वर पातळ जपानी कागद पसरतात आणि हाताने, छोट्या गादीसारख्या गोळ्याने, घासत घासत शाई कागदात ओढून घेतात. मशीनचा दाब नाही. हात जरा हलका पडला की तिथे फिकं. बहुतेक वेळा अशा पन्नास प्रती काढतात आणि मग तो दगड पुन्हा घासून टाकतात, एक्कावन्नावी प्रत जगात कधीच होत नाही. आणि छापणाऱ्याचंही श्रेय नोंदवलं जातं. मला हे फार आवडलं. पैठणी विणणाऱ्याचं नाव आपल्याला कधी कळतं का?

या कामातलं सगळ्यात मोठं नाव केनोजुआक अशेवाक. जन्म १९२७, २०१३ मध्ये गेली. तरुणपणी तिला टीबी झाला आणि १९५२ मध्ये तिला घरापासून लांब क्वेबेक शहरातल्या हॉस्पिटलात नेलं, तिथे ती तीन वर्षं होती. त्या काळात अशा कितीतरी इनुइट लोकांना जहाजात घालून दक्षिणेला नेलं, काही परतच आले नाहीत. शिवडीच्या टीबी हॉस्पिटलच्या बाहेर खुराड्यासारख्या खोल्यांतून येऊन थांबलेली गावाकडची माणसं ज्यांनी बघितली असतील त्यांना ते तीन वर्षं म्हणजे काय ते कळेल. क्वेबेकच्या त्या हॉस्पिटलात केनोजुआक बाहुल्या आणि मण्यांचं काम शिकली, परत आल्यावर चित्रं काढायला लागली, आणि तिचं १९६० चं घुबड १९७० मध्ये कॅनडाच्या पोस्टाच्या तिकिटावर आलं. किन्नगाइतमध्ये आता २०१८ पासून तिच्या नावाचं सांस्कृतिक केंद्र आहे, त्यातच छपाईचा स्टुडिओ. साधारण चौदाशे माणसांचं गाव आहे ते, लक्षात घ्या.

पण चित्रं हा यातला दिसणारा भाग. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. कला विकून, मासे विकून जो पैसा आला त्यातून या सोसायट्यांनी दुकानं चालवली. वाण्याचं दुकान गावाचं झालं! त्याबरोबर हॉटेल, केबल टीव्ही, घरोघरी इंधन पोचवायचं काम, जिथे जे जमलं ते. आणि एकट्या गावाला हे झेपणारं नाही हे ओळखून त्यांनी संघ केले, क्वेबेकच्या उत्तरेत १९६७ मध्ये, बाकीच्या आर्क्टिकमध्ये सत्तरच्या दशकात. ताईचा पगार अशाच साखळीतून येतो. विनिपेगमधला संघ सगळ्यांसाठी एकत्र खरेदी करतो, जहाजाची जागा ठरवतो, ऑडिट करतो, माणसं शिकवून पाठवतो. दुकानात काउंटरवर माल ठेवला की कॅशियर पहिल्यांदा विचारते, नंबर? सहा वर्षांचा पोरगा चिप्स घ्यायला आला तरी त्याला घरचा सभासद नंबर पाठ असतो. वर्षअखेर जो नफा उरेल त्यातला वाटा त्या नंबरवर, जेवढी खरेदी त्या प्रमाणात. म्हणजे महाग दूध घेतलं तरी त्यातला थोडा का होईना पैसा परत घरी. आणि त्या वार्षिक सभेत म्हणे लोक तासन्‌तास बसतात, त्यांच्या इनुक्तितुत भाषेत बोलणं चालतं, आणि एका म्हाताऱ्या आजोबांनी ताईला उभं करून विचारलं होतं की तू लिहिलेल्या या खर्चाच्या ओळीत नेमकं काय काय आलं. ताई म्हणते सीएच्या परीक्षेला एवढी घाबरले नव्हते.

सगळं छान आहे असं मी म्हणत नाहीये. मॅनेजर बाहेरचे येतात, वर्ष-दीड वर्षात थंडीला आणि एकटेपणाला कंटाळून जातात, नवा येईपर्यंत हिशेब लटकतो. ताई स्वतः दोन वर्षांनी परत येणार, ती तरी वेगळी कुठे. म्हणून ती आता गावातल्या दोन मुलींना रोज संध्याकाळी टॅली शिकवते, म्हणजे टॅली नाही त्यांचं वेगळं सॉफ्टवेअर आहे, पण आम्ही तिला टॅलीच म्हणतो.

आणि खाण्याचं. हा भाग मला सगळ्यात अवघड वाटला कारण पैशात मोजता येत नाही. तिथलं खरं अन्न म्हणजे सील, कॅरिबू हरीण, ‘आर्क्टिक चार’ मासा, आणि ते वाटून खायचं असतं, विकायचं नसतं. एकाने सील आणला की शेजारीपाजारी तुकडा जातो. पण आता शिकारीला जायचं तर स्नोमोबाईल, पेट्रोल, काडतुसं, सगळं रोख पैशात. ज्याच्याकडे वेळ आहे त्याच्याकडे पेट्रोलला पैसे नाहीत, ज्याच्याकडे नोकरीचे पैसे आहेत त्याच्याकडे वेळ नाही. क्वेबेकच्या उत्तर भागात, नुनाविकमध्ये, यावर एक शहाणा तोडगा आहे. १९७५ च्या मोठ्या जमीन करारातून निघालेली योजना, त्यात शिकाऱ्याला आणलेल्या मांस-मासळीचे पैसे मिळतात, ते गावाच्या सामाईक फ्रीजरमध्ये जातं आणि लागेल त्याने तिथून न्यायचं. शिकाऱ्याचं पेट्रोल सुटतं आणि वाटून खाणंही टिकतं. याच्या उलट कॅनडा सरकारचं मोठं किराणा अनुदान, २०११ पासूनचं न्यूट्रिशन नॉर्थ, ते मुख्यतः दुकानदाराच्या हातात जातं आणि त्यातलं किती भावात उतरतं यावर तिथे सतत वाद. शिकारीसाठी त्यात वेगळा निधी आला तो थेट २०२० मध्ये. मला विचाराल तर तो पहिल्या दिवशी यायला हवा होता. बाहेरून आणलेलं सफरचंद स्वस्त करायला पैसे आहेत आणि दारातला मासा पकडायला नाहीत, हे मला पटत नाही.

खाणींबद्दल थोडक्यात. बॅफिन बेटावर मेरी रिव्हरची लोखंडाची मोठी खाण आहे, २०१५ पासून तिथून माल जहाजाने जातो. नोकऱ्या आल्या, पण कामगार विमानाने येतात, ठरलेले आठवडे काम करून विमानाने जातात, त्यातले खूपसे दक्षिणेचे, पगारही त्यांच्याबरोबर जातो. नार्व्हाल नावाच्या लांब दाताच्या व्हेलवर जहाजांचा परिणाम होतो म्हणून शिकारी विरोधात गेले आणि २०२२ मध्ये सरकारने विस्ताराचा मोठा प्रस्ताव नाकारला. पोराच्या नोकरीसाठी खाण हवी आणि जेवणासाठी नार्व्हाल हवा, एकाच घरात दोन्ही. हे बाहेरून कोणी सोडवू शकेल असं मला वाटत नाही.

विजेचं मात्र एक उदाहरण मी आमच्या गावच्या बायकांच्या बचत गटाच्या ग्रुपवर पण टाकलं होतं. कॅनडाच्याच युकॉन प्रदेशात ओल्ड क्रो नावाचं गाव, रस्ता नाही, हिवाळ्यात काही आठवडे सूर्य उगवतच नाही. तिथल्या वुंतुत ग्विचिन लोकांनी २०२१ मध्ये ९४० किलोवॅटचा सोलर प्रकल्प चालू केला. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही तेव्हा डिझेल इंजिनं चक्क बंद ठेवता येतात, वर्षाला अंदाजे १.९ लाख लिटर डिझेल वाचतं. पण मला भावलं ते हे की पॅनेल गावाच्या मालकीची आहेत, गाव वीज कंपनीला वीज विकतं आणि पैसे गावाकडे येतात. सोलर पार्क तर आपल्याकडेही होतायत, जागा गावाची आणि बिल दुसऱ्याच्या नावावर.

आता हे सगळं मी इथे परळमध्ये बसून का लिहितेय. कारण काजू.

आमच्या गावात मार्च-एप्रिलमध्ये काजू बी पडते. व्यापारी टेम्पो घेऊन येतो, काट्यावर गोणी टाकतो, भाव तोच सांगतो. ती बी कुठेतरी कारखान्यात जाते, आणि दिवाळीला मी दादरला त्याच काजूचा गर घ्यायला उभी राहते तेव्हा भाव ऐकून आईला फोनवर सांगायची लाज वाटते. मधलं काम तसं रॉकेट सायन्स नाहीये. बी उकडायची, गार करायची, हाताच्या कटरवर फोडायची, गर वाळवायचा, वरची साल काढायची आणि प्रतवारी लावायची. फोडताना टरफलातला डीक हाताला लागला की कातडी सोलवटते म्हणून बायका आधी खोबरेल चोपडतात, तरी बोटं काळी ती काळीच. अख्खा गर एकीकडे, पाकळी एकीकडे, तुकडा एकीकडे. तुकडा बर्फीला जातो. पूर्वी हे काम आमच्याच बायका दुसऱ्याच्या शेडमध्ये किलोमागे मजुरीवर करत होत्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाने शेड भाड्याने घेतली. पहिल्या वर्षी मोठं नुकसान झालं, वाळवण नीट झालं नाही, मुंबईत एका मोठ्या दुकानाने सगळा माल घेतला आणि मग ओल आहे म्हणून अर्धा परत केला, आणि राहिलेल्या अर्ध्याचे पैसे सहा महिने दिले नाहीत. बायकांनी मंगळसूत्रं सोडवायला म्हणून ठेवलेले पैसे त्यात अडकले. मी मध्ये होते, मला त्या सहा महिन्यांत गावाला फोन करायची हिंमत होत नव्हती. तेव्हा ताईनेच मला किन्नगाइतचं सांगितलं, की त्यांनी पहिल्यापासून एक पाळलं, बाईला चित्राचे पैसे आधी, बाजाराची जोखीम सोसायटीच्या डोक्यावर. आणि सोसायटीला ती झेपावी म्हणून वर संघ. आमच्याकडे संघ नव्हता, जोखीम थेट चुलीवर पडली.

मग यंदा आम्ही आजूबाजूच्या आणखी चार गटांना भेटलो. ड्रायर एकत्र घेतलाय. मुंबईत एकाच मोठ्या गिऱ्हाइकाला माल द्यायचा नाही असं ठरवलं, आमच्या आणि शेजारच्या सोसायट्यांमधून आगाऊ ऑर्डर घेतल्या, नोकरीतल्या मैत्रिणींनी आपापल्या ऑफिसात वहीच फिरवली. बी आणून देणाऱ्या बाईला काट्यावरच पैसे द्यायचे हा नियम. यावरून भांडणंही झाली, एक काकी म्हणाली विकलं नाही तर कुठून देणार, आणि तिचं चुकलं नव्हतं. शेवटी प्रत्येकीने पाचशे घातले आणि पाच गटांचा मिळून वेगळा फंड केला, फक्त काट्यासाठी.

शनिवारी रात्री तुतारी एक्सप्रेसने जातेय. सोबत पासबुकं आहेत, लालबागच्या प्रेसमध्ये छापून घेतली, निळं कव्हर, आत बी किती दिली, बी फोडायचं काम किती दिवस केलं, तेल-साबण गटाच्या दुकानातून किती घेतलं असे रकाने. ताईने रकाने सांगितले तेव्हा विचारलं होतं, आईला नंबर पाठ करायला लावलास का. आईला लिहिता येतं पण आकडे ती विसरते. काल फोनवर मी नुसतं म्हटलं, आई नंबर, आणि ती म्हणाली चार, आणि मग पलीकडे कोणाला तरी मोठ्याने सांगत होती की माझा चार, तुझा कितवा.